थोरला गावी गेला की

परळला 1926 चं केईएम आणि 1929 चं वाडिया बाल रुग्णालय शेजारी-शेजारी उभी आहेत. पोराला ताप आला की तिथं धावणारी लालबागची आई डोळ्यांचं नाव काढलं की मात्र म्हणते, "त्याला दिसतंय की! कॅलेंडरवरची तारीख इथून वाचतो." वाचतो, पण कोणत्या डोळ्यानं?

लालबागच्या मसाल्याच्या दुकानात दोन भाऊ आहेत असं धरू. थोरला मिरच्या निवडतो, तोलतो, डंखावर उभा राहतो. धाकटा गल्ल्यापाशी नुसता बसून. दुकान झकास चालतं. शिमग्याला थोरला कोकणात गेला की धाकट्याचं पितळ उघडं पडतं. डोळ्यांचंही तसंच. एकाचा नंबर जास्त असला की मेंदू त्याच्याकडून काम घेणं सोडतो आणि तो आळशी होतो. वरून तिरळेपणा दिसेलच असं नाही. मूलही तक्रार करत नाही, त्याला दुसरं काही ठाऊकच नसतं.

म्हणून तपासताना एक डोळा झाकतात. नीट झाकतात, कारण पोरं बोटांच्या फटीतून बघतात आणि रांगेत पुढच्याचं ऐकून तक्ताही पाठ करतात! अक्षरओळख नसलेल्यांना चित्रं दाखवतात. बोलता न येणाऱ्या बाळाचाही नंबर निघतो: अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवायची, समोर एकेक भिंग धरायचं आणि बाहुलीतली तांबूस चमक कुठे सरकते ते पाहायचं.

त्याआधी थेंब. इथेच आया बिथरतात. थेंब झोंबतात, हे खरं. पण लहानग्याच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक की ते जोर लावून नंबर लपवतं. थेंबांनी तो जोर तात्पुरता सुटतो. थेंबांशिवाय निघालेल्या मशीनच्या चिठ्ठीवर पोराचा चष्मा करायला धावू नये. काहींना आधी तीन दिवस घरी ॲट्रोपिनचं मलम लावायला देतात, तांदळाच्या दाण्याएवढं. तोंड लाल झालं किंवा ताप आला तर मलम थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बाहुली आठवडा-दोन आठवडे मोठी राहते, जवळचं धूसर दिसतं. तेव्हा शाळेच्या परीक्षेच्या तोंडावर हा घाट घालू नये.

आळशी डोळा सापडलाच, तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे थोरल्याला रोज सक्तीनं गावी धाडायचं! आळशीपणा मध्यम असेल तर दिवसाला दोन तासही पुरतात. सातव्या वर्षाआधी गुण चांगला येतो. पण "पोरं चिडवतात" म्हणून पट्टी दप्तरात जाते आणि आई-बाबा तिकडे काणाडोळा करतात. आता काय म्हणावं!

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा महिन्याभरातच तपासावा लागतो, पण तो विषय वेगळा. तेव्हा पुन्हा तेच: एकेक डोळा, वेगवेगळा. आज रात्री जेवणं झाल्यावर आजीनं नातवाचा एक डोळा तळहातानं झाकावा, मग दुसरा. एका बाजूला पोर गप्प बसलं आणि दुसऱ्या बाजूला हात ढकलून चिडलं, तर उद्या सकाळीच केसपेपर काढायचा.