अंगठा देण्याआधी

सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत माझं नेहमीचं येणंजाणं. मोर्चे काढून दहा हजार घरं पदरात पाडून घेतलेल्या विडी कामगार बाया इथल्या. सरकारला जाब विचारताना त्या कधी कचरल्या नाहीत. डॉक्टरांपुढे मात्र पदर सावरून गप्प बसतात आणि कागद पुढे आला की अंगठा उठवतात. मला त्या संमतीच्या कागदाबद्दल बोलायचंय.

तोंडाचा, स्तनाचा कॅन्सर अंगभर पसरला, नेहमीची औषधं लागू पडेनाशी झाली, की कधीकधी नव्या औषधाच्या चाचणीत येता का, असं विचारतात. तेव्हा मावशी, एवढं विचारा : हा पहिला टप्पा आहे का?

उन्हाळ्यात आपण वर्षाचं तिखट कांडून आणतो. मिरची नवी, किती झणझणीत ते ठाऊक नाही. म्हणून पहिल्या दिवशी आमटीत अर्धाच चमचा. घरच्यांनी सोसलं तर दुसऱ्या दिवशी एक. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की हात आवरायचा. पहिल्या टप्प्यात हेच चालतं. बरेचदा तिघा रुग्णांना थोडा डोस, तो सोसला तर पुढच्या तिघांना जास्त. त्या दिवशीची आमटी तिखट जोखायला केलेली असते. जेवणाऱ्याचं पोट भरेलच असं नाही. गाठ कमी झाली तर आनंदच. पण तो टप्पा असतो डोस ठरवण्यासाठी, हे आधी कळायला हवं.

चाचण्या वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डोकं-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे महागडं औषध दिलं, तेही फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे १६ टक्के हयात होते, हे औषध मिळालेले ४३ टक्के. पण ते तिखट आधीच पारखलेलं होतं. चाचणी तिसऱ्या टप्प्याची होती. म्हणून पुन्हा सांगते, टप्पा कितवा ते विचारा.

संमतीचा कागद वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळं समजावून होईपर्यंत शेजारी हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, हा २०१९चा नियम आहे. आणि मधेच नको वाटलं तर बाहेर पडा, नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत.

वेळ संपत आलीय. सोलापूर-मुंबई खेपांचं बोलायचं राहिलंच. ते भाडं कोण देणार, हेही कागद समजावतील तेव्हाच विचारा, अंगठ्याच्या आधी.