बाणाची पिसं आणि गटाचं कर्ज



आज मी बाणाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटात पापड, मसाले, शेळ्या सोडून हे बाणाचं कुठून आलं? ते आलं कर्जाच्या अर्जातून.

आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईने पाच हजार रुपये मागितले. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरीचे बाण खराब झाले बाई, नवे घ्या लागतीन." मुलगी अमरावतीला धनुर्विद्या शिकते. आई दुसऱ्याच्या वावरात जाते. लगेच एक जण बोलली, "बाणासाठी कर्ज? उद्या पतंगासाठी मागसान!" सगळ्या हसल्या. ती ताई मान खाली घालून एवढंच म्हणाली, "मंग खेळ बंद करा लागते तिचा."

मैत्रिणींनो, आपल्या भागात हा खेळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावच्या मजूर आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुष्य धरायला शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला. अमरावतीच्याच मधुरा धामणगावकरने मे २०२५ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं.

म्हणून मी म्हटलं, आधी बाण तर बघू. मुलगी सुटीत आली तेव्हा अकरा बाण पाटावर मांडले. दोन बाणांच्या दांड्याला चीर होती. बाकी नऊ धड होते, फक्त त्यांची मागची पिसं निघाली होती किंवा फाटली होती. म्हणजे अकरा बाण नवे घ्यायची गरजच नव्हती.

बाणाला पिसं कशाला, ते आधी सांगते. पतंगाला शेपूट नसली की तो गिरक्या खातो, तसंच हे. बाण वाऱ्यात तिरपा झाला की मागच्या पिसांवर हवेचा दाब येतो आणि शेपूट पुन्हा रांगेत येते. पूर्वी पक्ष्यांची पिसं लावत, आता बहुतेक प्लास्टिकची असतात. मुलं त्यांना वेन म्हणतात. एका बाणाला तीन, सारख्या अंतरावर. रिकर्व्हचा नेम सत्तर मीटरवर असतो. पहिल्या फेरीत सहा-सहा करून बहात्तर बाण सोडतात. सहातला एक बाण वाकडा जाणारा असला तर तो बारा वेळा नडतो.

आता काम कसं करायचं, ते ऐका.

पहिलं, दांडा तपासा. कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून हलकाच वाकवा, फिरवत फिरवत. करकर आवाज आला, चीर दिसली, तर तो बाण मोडून टाका. चिकटवून वापरू नका. असा बाण सोडताना फुटतो आणि त्याच्या सळया हातात घुसतात. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

दुसरं, जुनं पीस बोथट सुरीने सावकाश काढा. दांडा खरवडू नका. मग स्पिरिटने पुसून वाळू द्या. त्या जागेला पुन्हा बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की गोंद धरत नाही. स्पिरिट पेटतं, म्हणून चुलीपासून लांब बसा. नेलपॉलिश काढायचं औषध वापरू नका, त्याने मागची प्लास्टिकची खाच खराब होते.

तिसरं, अंदाजाने लावू नका. ही चूक मी स्वतः केली. पहिला बाण मी नजरेनेच चिकटवला. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "मावशी, हा त बाजूलेच पयते." सहा मिलिमीटर जाडीच्या बाणाचा घेर एकोणीस मिलिमीटरही भरत नाही. दोन पिसांत सव्वासहा मिलिमीटर अंतर. तिथे एक मिलिमीटर चुकलं तरी खूप झालं. यासाठी जिग नावाचा छोटा साचा मिळतो. तो पीस सरळ धरतो आणि बाण बरोबर तिसरा हिस्सा फिरवतो. मुलीच्या सरांनी त्यांचा जिग दोन दिवस दिला. एक जिग चार-पाच मुलांना पुरतो.

चौथं, गोंदाची बारीक रेघ पिसाच्या बुडाला लावा, जास्त नको. दाबून धरा, पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग पुढचं पीस. तिन्ही झाली की प्रत्येकाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एक-एक थेंब. सुटायला तिथूनच सुरुवात होते. रात्रभर ठेवा.

एक धोक्याची गोष्ट. झटपट चिकटणारा गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो, चटका बसतो. आपल्या घरात कापूस असतोच. म्हणून तो कापसाने पुसू नका. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. लेकरं जवळ नकोत, खिडकी उघडी हवी.

आणि पिसं आणताना आधीच्याच मापाची आणि रंगाची आणा. स्पर्धेत एका फेरीचे सगळे बाण सारखे लागतात आणि त्यांवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. शेवटी एकदा प्रशिक्षकांना दाखवाच.

हा धंदा होईल का, असं काही गटांनी विचारलं. खरं सांगते, गावात यावर घर चालणार नाही. गिऱ्हाईक थोडं आहे. पण ज्या घरात मूल खेळतं, तिथे दर हंगामाचा खर्च कमी होतो.

त्या ताईला पुढच्या बैठकीत कर्ज मिळालं. पाच हजार नाही, दोन बाण, पिसं आणि गोंद एवढ्यापुरतंच. तीन हप्त्यांत फेडलं. ज्या बाई हसल्या होत्या, त्यांनीच ठराव मांडला की पोरीच्या खेळाचं सामान हेही कर्जाचं कारण म्हणून वहीत लिहायचं. मुलगी अजून खेळते आहे.

तेव्हा तायांनो, पुढच्या बैठकीत कोणी असं वेगळं कारण सांगितलं तर लगेच हसू नका. आधी म्हणा, "वस्तू घेऊन ये, पाहू."