आधी विचारा, प्लॅन कुठला?

आमच्या मुलाला अडीचाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. थेरपीचा क्लेम नाकारला, तेव्हा मी फोनवर तावातावाने म्हटलं, "न्यू जर्सीत २००९ पासून कायदा आहे!" पलीकडून शांत उत्तर आलं, "तुमचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे." म्हणजे खर्च नवऱ्याची कंपनीच करते, विमावाले नुसते कागद हलवतात. १९७४ च्या एरिसा कायद्यामुळे अशा प्लॅनला राज्याचा विमा कायदा लागत नाही. आज पन्नासही राज्यांत कायदे आहेत, तरी ही फट आहेच! म्हणून ओपन एनरोलमेंटला एचआरला आधी हेच विचारा. विचारायला लाजू नका, आम्ही लाजलो. अर्ली इंटरव्हेन्शन तिसऱ्या वाढदिवसाला संपलं. मग एचआरला पत्रांवर पत्रं. पुढच्या जानेवारीत थेरपी प्लॅनमध्ये आली. तोवर आठ महिने गेले होते.