देवाचा नैवेद्य आणि गावातील एकाकी म्हातारपण
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरावर कळस चढला. पावसाळ्यात देवाच्या डोक्यावर गळणारे छप्पर ज्यांनी पाहिले आहे, त्यांनाच आजच्या दिवसाचे मोल कळेल. कुणी पैसा दिला, कुणी दगड-वाळूच्या खेपा टाकल्या, कुणी अंगमेहनत केली. आभाराचे काम अध्यक्षांनी केलेच आहे. मी पडलो निवृत्त शाळामास्तर. समितीने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, म्हणून एक हकीकत सांगतो आणि शेवटी आपल्यापुढे पदर पसरतो.

वर्गणी गोळा करताना वरच्या आळीचे काम माझ्याकडे होते. तेथे एकटी राहणारी एक आजी आहे. तिने लुगड्याच्या गाठीतून अकरा रुपये काढून दिले. मी पावती फाडली. निघताना सहज विचारले, “आजी, जेवण झालं का?” ती हसली व म्हणाली, “होतंय की मास्तर.” मी पुढच्या घरी गेलो. चार दिवसांनी ती रिकामी पिशवी घेऊन रेशन दुकानाच्या पायरीवर बसलेली दिसली. दोन महिने तिला धान्य मिळाले नव्हते. जन्मभर ऊसतोड आणि सारवण करून तिच्या अंगठ्यावरच्या रेघा पुसट झालेल्या. “मास्तर, ते यंत्र म्हणतंय, ही बाई ती न्हवंच,” असे ती म्हणाली. मला माझ्या पावतीबुकाची लाज वाटली. आजी या मंडपातच आहे, म्हणून नाव घेत नाही. अकरा रुपये देणारे पुष्कळ आहेत.

मंडळी, अन्नदान आपल्याला कुणी शिकवायला नको. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. दुष्काळात लोक अन्नावाचून तडफडत असता त्यांनी बादशहाची कोठारे उघडली आणि पांडुरंगाने विठू महार होऊन त्या धान्याची भरपाई केली, अशी ती कथा. १९७२ चा दुष्काळ तर आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. मी तेव्हा सहावीत होतो. रोजगाराच्या कामावर खडी फोडणारी माणसे, ती लाल मिलो ज्वारी आणि सुकडी मी विसरू शकत नाही. त्या वेळी देशात धान्याची टंचाई होती. आज तशी स्थिती नाही. आज कोठार भरलेले आहे आणि त्यात म्हाताऱ्या माणसाचा हक्काचा वाटाही आहे. तो त्याच्या ताटात का पडत नाही, हा प्रश्न आहे.

हक्क कोणता, ते थोडक्यात सांगतो. २००० साली केंद्र सरकारने अन्नपूर्णा योजना आणली. निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरील निराधारांना महिना दहा किलो धान्य फुकट, अशी ती योजना. त्याच वर्षी डिसेंबरात अंत्योदय योजना सुरू झाली. अंत्योदय शिधापत्रिकेवर घरात माणसे किती हे न पाहता महिना ३५ किलो धान्य मिळते, आणि ज्यांना कसलाच आधार नाही अशी साठीपुढची माणसे तिच्या प्राधान्य गटात आहेत. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. शिवाय ६५ वर्षांवरील निराधारांसाठी आपल्या राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिचे दरमहा १,५०० रुपये होतात.

आता हिशेब करा. एकट्या माणसाला महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. तरीही हे धान्य वेळेवर पोहोचले तर उपाशी मरण टळते. ते पोहोचण्याच्या वाटेवर मला तीन खड्डे दिसले.

पहिला खड्डा कागदाचा. वयाचा पुरावा नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, शिधापत्रिका अजून मुलाच्या नावात आणि मुलगा मुंबईत. एकट्या म्हाताऱ्याचे नाव अंत्योदयात जावे, तर इष्टांक शिल्लक आहे का, हे तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत विचारावे लागते. तिथवर त्याला कोण नेणार?

दुसरा खड्डा अंगठ्याचा. अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचे धान्य अडवू नये, अशा सूचना केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच दिलेल्या आहेत. डोळ्याची खूण घेता येते, मोबाईलवर आकडा मागवता येतो. अंथरुणाला खिळलेल्याच्या वतीने धान्य आणण्यासाठी दुसऱ्याचे नाव नोंदवण्याचीही सोय आहे. पण ही सोय त्या म्हातारीला सांगितली कुणी? आम्ही तिला घेऊन दोन खेपा कचेरीत गेलो, शेजारच्या सुनेचे नाव लावून घेतले, तेव्हा पिशवी भरली.

तिसरा खड्डा चुलीचा, आणि तो सरकारला बुजवता येणार नाही. धान्य घरात आले. दळून कोण आणणार? दिसत नसताना भाकरी कोण थापणार? एकट्या जिवासाठी तवा तापवायचा कंटाळा येतो. मग सकाळचा शिळा तुकडा चहात बुडवून दिवस जातो. आजीच्या घरी पिशवी भरल्यावर आठ दिवसांनी मी गेलो, तर गहू तसेच होते.

तामिळनाडूत १९८२ साली मुलांसाठी दुपारच्या जेवणाची मोठी योजना सुरू झाली. १९८३ साली वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही त्यात घेतले. चूल मुलांसाठी पेटतच होती. त्याच चुलीवर म्हाताऱ्यांची ताटे वाढली. आपल्याकडेही चूल आहे! जीर्णोद्धारात सभामंडपामागे नवी पाकशाळा झाली. सप्ताहाचे सात दिवस आणि एकादशी-द्वादशी सोडली, तर तिला वर्षभर कुलूपच राहणार.

पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कितीतरी माणसे त्या वारांवर शिकून मोठी झाली. माझे मागणे एवढेच, की आता आपण आपल्या म्हाताऱ्यांचे वार लावावेत. मी आळीआळीने फिरून मोजले. ज्यांच्या घरी रांधणारे कुणी नाही अशी चौदा माणसे गावात आहेत. चौदा ताटे म्हणजे या गावाला काय जड आहे? रोज दोन घरांनी पाकशाळेत येऊन एक वेळचे वरण, भात, भाकरी, भाजी करावी. डाळ-तेलाचा खर्च समितीच्या शिलकेतून आणि मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या महिन्याच्या वर्गणीतून व्हावा. ताट आधी देवापुढे ठेवावे आणि मग तरुणांनी डबे घरोघर पोचवावेत. दारात येणारा डबा देवाचा प्रसाद असेल. प्रसाद घ्यायला कुणाला लाज वाटत नाही. ज्यांनी जन्मभर या गावाची शेते पिकवली, त्यांना भीक घेतल्यासारखे वाटता कामा नये, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

दुसरे, महिन्यातून एक दिवस दोन शिकलेल्या मुलांनी मंदिराच्या ओट्यावर बसावे. कुणाचे धान्य अडले, कुणाचे श्रावणबाळचे पैसे थांबले, कुणाची ई-केवायसी राहिली, ते वहीत लिहून घ्यावे आणि तहसिलीत पाठपुरावा करावा. गावाने असे केले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. त्यांचा वाटा त्यांच्याकडून घेतलाच पाहिजे.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहे. तिच्यात लाखाचे आकडे आहेत आणि अकरा रुपयेही आहेत. ज्यांनी अकरा रुपये दिले, त्यांच्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या घासातून ते काढले, हे पांडुरंगाला ठाऊक. त्यांचे ऋण फेडायचे असेल, तर पाकशाळेच्या कुलपाची किल्ली आजच बाहेर काढू या. उद्याचा पहिला वार माझ्या घराचा लिहून घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!