ताज्या गोंदणाची काळजी

चैत्र-वैशाखात गावोगावी यात्रा भरतात. पाळणे, बांगड्यांची दुकानं, भेळेच्या गाड्या, आणि त्याच रांगेत मशीन घेऊन बसलेला गोंदणारा. कुणी देवाचं नाव काढून घेतं, कुणी लेकराचं, कुणी मोरपीस. आज आपण बोलणार आहोत ते गोंदून घरी आल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

गोंदण आपल्याला नवं नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवे ठिपके असायचे, हातावर तुळस असायची. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या. तेव्हा सुया एकत्र बांधून काजळीच्या रंगानं गोंदायचे, आता मशीन आलं. पण काम तेच. सुई कातडीला भोक पाडते आणि रंग आत सोडते. बोटाएवढ्या नावासाठी अशी हजारो भोकं पडतात. म्हणून ताजं गोंदण ही नक्षी नंतर, आधी ती उघडी जखम आहे. विळ्यानं कापलं तर आपण जपतो, तसंच याला जपायचं.

गोंदणाऱ्यानं वर प्लास्टिक किंवा पट्टी लावली असेल तर दोन-तीन तासांनी काढा. तेच प्लास्टिक पुन्हा गुंडाळू नका, आत घाम साचतो. आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. मग उकळून गार केलेल्या पाण्यानं आणि साध्या, बिनवासाच्या साबणानं गोंदण हलक्या हातानं धुवा. घासणी नको, नखं नकोत. धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या सुती कापडानं टिपून घ्या. पदरानं पुसू नका, पदर दिवसभर कुठंकुठं लागलेला असतो. नंतर साधी पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावा, थापू नका. असं दिवसातून दोनदा करा.

आता काय लावायचं नाही ते ऐका. हळद, चुना, राख, मशेरी, शेण यातलं काही नको. हळद गुणाची असली तरी स्वयंपाकाच्या डब्यातल्या हळदीत रोजचा चमचा आणि ओला हात जातो, ती उघड्या जखमेवर टाकायची नाही. दुकानातून खाजेची ट्यूब आणून लावणंही तितकंच वाईट. त्यातल्या काही औषधांनी जखम भरायला उशीर होतो आणि आतला जंतू वाढतो.

पहिले दोन-तीन दिवस जागा लाल दिसते, थोडी सुजते, पाण्यासारखी लस येते. एवढं चालतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि खाज येते. खाजवू नका, खपली ओढू नका. खपलीबरोबर रंगही निघतो आणि वण राहतो. फार खाज आली तर वरून तळहातानं हलकं थोपटा. वरची कातडी भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर नदी, विहीर, तळं यांत हात बुडवायचा नाही. उन्हात जाताना सैल, लांब बाहीचं पोलकं घाला. मनगटावर गोंदण असेल तर बांगड्या घासतात. त्या वर सरकवून ठेवा, नाहीतर गोंदायची जागाच बांगडीच्या वर निवडा.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगणं सोपं आहे. पण सकाळी गोठ्यातलं शेण उचलायचं कुणी? भांडी, धुणं, शेतातला चिखल? शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि आपलं निम्मं काम तिथंच असतं. म्हणून आमचं म्हणणं असं की गोंदायचंच असेल तर लावणीच्या, काढणीच्या दिवसांत नको. आणि गोंदायच्या आधीच घरात ठरवा की आठवडाभर शेण-गोठा दुसरं कुणी करील. घरात कुणी नसेल तर गटातल्या बायकांनी वाटून घ्यावं. एकीनं शेण, एकीनं धुणं. बाळंतिणीच्या घरी आपण भाकरी पोचवतोच ना, तसंच. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

डॉक्टरकडे कधी जायचं? तीन दिवसांनंतर सूज आणि ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जागा गरम लागली, पिवळा पू आला, वास आला, ताप भरला, किंवा गोंदणापासून लाल रेघ वर चढताना दिसली, तर त्याच दिवशी जा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी एवढी वाटही बघू नये. खरं तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोंदूच नये. पोटुशी बाईनं गोंदण बाळंतपणानंतरवर ठेवावं.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली तर रक्तातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतो. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जगू शकतो, त्यामुळे सुई नुसती पुसून भागत नाही. बसायच्या आधी बघा: सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, हातमोजे नवे आहेत का, रंग लहान नव्या टोपणात ओतला की सगळ्यांसाठी एकाच बाटलीत सुई बुडवतो? यातलं काही चुकत असेल तर उठून या. दिलेले पैसे गेले तरी चालतील.

गोंदून झाल्यावर कळलं की सुई जुनीच होती, तर लपवू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. कावीळ ब ची लस पहिल्या 24 तासांत घेतली तर सर्वांत उपयोगी. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यांची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. 1097 या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते.

लपवण्याचा प्रश्न पोरींच्या बाबतीत जास्त येतो. घरी न विचारता एखादं नाव गोंदून घेतलं की ती पोरगी लांब बाहीखाली हात झाकते. धूत नाही, दाखवत नाही, ताप आला तरी बोलत नाही. आया आणि सासवांना आमची एकच विनंती आहे. तिचा हात समोर आला तर आधी जखम बघा, नाव नंतर वाचा. ओरडायचं असेल तर खपली पडल्यावर ओरडा. आधी ओरडलात तर पुढच्या वेळी ती पू झालेला हातही तुम्हाला दाखवणार नाही.

पुढच्या बैठकीत गटात विचारा, यंदाच्या यात्रेत कुणी गोंदलं. जिनं गोंदलं असेल तिचा हात उजेडात धरून बघा, आणि तिच्या वाटचं शेणाचं काम कोण करणार ते तिथंच ठरवा.