वरच्या खिशातून पैसे पडतात

आज पदवी हाती घेऊन समोर बसलेल्या मुलींनो, मुलांनो,

आधी पालकांना नमस्कार करते. मुलगी 'फॅशन' शिकायला जाते म्हटल्यावर नातेवाइकांनी काय काय विचारलं असेल, याची मला कल्पना आहे. तरीही तुम्ही तिला पाठवलंत.

निमंत्रणाच्या पत्रात तुम्ही मला विषय सुचवला होता, 'डिझायनरची प्रेरणा'. हा प्रश्न मला गेली तीस वर्षं विचारला जातो. मी पॅरिसला गेले आहे, मिलानला गेले आहे, आणि तिथे खूप शिकलेही आहे. पण तुमच्यासमोर खरं तेच सांगायचं, तर माझ्या कामाला दिशा मिळाली ती कागलहून निपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

आमची एसटी बंद पडली होती. उन्हात उभं राहायला नको म्हणून मी रस्त्याकडेच्या उसाच्या बांधावर गेले. आत चार-पाच बायका भांगलण करत होत्या. प्रत्येकीच्या साडीवर पुरुषाचा जुना फुल शर्ट होता. हे दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, मीही लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी मात्र गाडीला वेळ होता, म्हणून मी नीट बघितलं. पांढऱ्यावर निळ्या रेघांचा शर्ट. कॉलर एकदा उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली. कफाची बटणं घट्ट लावलेली. आणि छातीवर खिशाच्या जागी नुसता एक गडद चौकोन, कारण खिसा तिथून काढलेला होता. तो उजव्या बाजूला, कमरेच्या खाली, काळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवला होता. त्याचं तोंड तिरकं होतं आणि तोंडाशी एक सेफ्टी पिन होती.

मी विचारलं, "मावशी, खिसा खाली का घेतलाय?"

"वरच्या खिशातनं पैसं पडत्यात. दिवसभर वाकायचं असतंय न्हवं."

मग शर्टाचं विचारलं. "उसाच्या पाल्यानं हात चिरत्यात," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

तोवर मी पाच वर्षं बाह्या, गळे, कॉलरी काढत होते. कागदावर माझं काम चांगलं होतं. पण ज्या बाईसाठी काढते ती दिवसभर वाकते की बसते, चालते की उभी राहते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मावशींनी स्वतःचा दिवस ओळखून खिसा हलवला होता. वाकल्यावरही वस्तू आत राहावी म्हणून त्याचं तोंड किती तिरकं हवं, हे त्यांना करून करून कळलं होतं.

त्या खिशानं मला माझ्या आज्जीकडे परत नेलं. आज्जी नऊवारी नेसायची. तिला पर्स माहीत नव्हती. पैसे, सुपारीचा तुकडा, किल्ली, सगळं कनवटीला. कमरेशी लुगड्याचा जो पिळा येतो, त्यात ती बोटानं वस्तू सारायची आणि ती हरवायची नाही. ओच्यात भाजी यायची, पदराच्या टोकाला गाठ मारून प्रसाद यायचा. कात्री न लावलेल्या, टाका न घातलेल्या त्या कापडात ठेवायच्या किती जागा होत्या! कासोटा घातला की बाई शेतात वाकायची, झाडावर चढायची, घोड्यावरही बसायची. आईच्या पिढीनं पाचवारी घेतली. परकर आला, कनवट सैल झाली, हातात पर्स आली आणि एक हात कायमचा अडकला. माझ्या पिढीच्या पंजाबी ड्रेसला तर शिंप्यांनी खिसाच ठेवला नाही. या साध्या गोष्टीचा मला आजही राग येतो. मुलाच्या पँटला चार खिसे आणि मुलीच्या कुडत्याला एकही नाही, याचा अर्थ तिला बाहेर काही काम असणार, हेच कुणी धरून चाललेलं नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही गावात गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथली बाई पैसे कुठे ठेवते? दादरच्या फूलबाजारात पहाटे गेलात, तर शेवंतीच्या ढिगामागे बसलेली बाई सुटे पैसे कमरेच्या पिशवीत टाकते आणि नोट चोळीत सारते. तिची बोटं ओली असतात. ओल्या बोटांनी उघडता येईल असं तोंड त्या पिशवीला असतं. चेन तिथे अडकली असती, म्हणून नाडी आहे. गोव्यात भाताच्या खाचरात उतरणाऱ्या कुणबी बाया लाल चौकड्यांचं लुगडं आखूड नेसत आणि खांद्यावर गाठ मारत, कारण रोप लावताना दोन्ही हात मोकळे लागतात. ते लुगडं मागे पडलं होतं. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा मागावर आणलं आणि लोकांसमोर ठेवलं. ठेवताना ते कुणाचं, हे त्यांनी नावातच राखलं. आजही ते 'कुणबी साडी' म्हणूनच ओळखलं जातं.

कापडाचंही तसंच. उत्तर कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात इरकलला गेले तेव्हा एका विणकरानं माझ्यासमोर पारंपरिक इरकली साडी उलगडली. अंग सुती आणि पदर रेशमी. पदराचा ताणा वेगळा, अंगाचा ताणा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडलेले. त्याला तिकडे 'टोपी-तेनी' म्हणतात. या जोडणीसाठी प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र तयार करावा लागतो. इतका खटाटोप कशासाठी? जिथे घाम येतो तिथे सूत हवं आणि चारचौघांत पदर दिसतो तिथे रेशीम परवडवायचं. एका कष्टकरी बाईची ऐपत, तिचं ऊन आणि तिची हौस, तिन्ही त्या जोडावर एकत्र आलेली आहेत. गुजरातेत पाटणला मशरू पाहिलं, तिथे बाहेरून रेशीम आणि अंगालगत सूत. गुळेदगुड्डच्या खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतो. चोळी बेतताना तो काठ बाहीच्या टोकाला येतो, म्हणून बाही दुमडून शिवायची गरजच पडत नाही. आज आपण 'झिरो वेस्ट' म्हणून ज्याचे अभ्यासक्रम चालवतो, ते या अरुंद कापडात केव्हाचं बसलेलं आहे.

एकदा जपानमध्ये एका संग्रहालयात मी बोरो पाहिलं. निळीत रंगवलेल्या जुन्या कपड्यांचे तुकडे, ठिगळावर ठिगळ, वरून धावदोरा. काचेआड, मंद उजेडात ते मांडलं होतं. मी खूप वेळ तिथून हलले नाही. आमच्या घरची वाकळ आई उन्हात गच्चीच्या कठड्यावर टाकायची. तिच्यात आज्जीचं लुगडं होतं, माझा शाळेचा फ्रॉक होता. तिचं पुढे काय झालं, हे मला सांगता येत नाही. तुमच्या घरी असेल तर तिचे टाके मोजा, कापडं ओळखा आणि कुणी शिवली ते वहीत लिहून ठेवा.

तुमच्यापैकी ज्यांना चित्रपटाकडे जायचं आहे, त्यांना भानू अथय्या हे नाव सांगायला नकोच. 1929 साली कोल्हापुरात जन्मलेली आणि जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेली ही मुलगी. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरचे कपडे अभ्यासले, आणि 1983 मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या कामाकडे शिंपीकामाच्या नजरेनं बघा. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत, एकाच माणसाचे कपडे आयुष्यभर कमी होत गेलेले दाखवायचे होते. आणि ते कमी झाले कशामुळे? सप्टेंबर 1921 मध्ये गांधीजी मदुराईकडे रेल्वेनं चालले होते. डब्यातल्या माणसांना ते खादीचं सांगत होते. माणसं म्हणाली, आम्ही गरीब आहोत, खादी घेण्याची आमची ऐपत नाही. 22 सप्टेंबरला मदुराईत ते पंचा नेसून बाहेर आले. प्रवासात भेटलेल्या माणसांचं ऐकून स्वतःचा पोशाख बदलण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता माझ्या दोन चुका सांगते. त्या सांगितल्याशिवाय इथून जाणं मला बरोबर वाटणार नाही.

पहिली अजरखची. कच्छमधल्या अजरखपूरला मी दर वर्षी जाते. हे गाव तसं नवं आहे. तिथले खत्री कारागीर पूर्वी धमडक्याला होते. नदीचं पाणी गेलं, 2001 च्या भूकंपानंतर जमिनीतल्या पाण्यात लोह वाढलं, आणि लोहामुळे लाल रंग मळतो. म्हणून पाणी बघून त्यांनी नवं गाव वसवलं. रंगासाठी गाव हलवणारी माणसं आहेत ती. कापड धुवायचं, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. हाच हिरडा आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी वेचतात. मग चुना आणि डिंकाचा ठसा, मग काळा ठसा. हा काळा रंग गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून तयार करतात, त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. मग तुरटी, नीळ, लाल, आणि मधे मधे पुन्हा पुन्हा धुणं आणि उन्हात वाळवणं. असे 14 ते 16 टप्पे.

माझा शो ऑगस्टमध्ये होता. मी जूनच्या शेवटी दोनशे मीटरची मागणी दिली. तिथले भाई म्हणाले, "बेन, पाऊस आहे, दिवाळीनंतर घ्या." मी हट्ट केला, आगाऊ पैसे दिले, रोज फोन केला. कापड आलं तेव्हा निळीच्या कडा फुटलेल्या होत्या. दमट हवेत ठसा नीट सुकलाच नव्हता. मी रागानं फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "पैसे परत पाठवतो." त्यांनी ते खरंच पाठवले. चूक माझी होती आणि नुकसान त्यांनी सोसलं. पुढच्या हिवाळ्यात मी जाऊन ते पैसे त्यांच्या हातात ठेवले आणि क्षमा मागितली. तेव्हापासून माझ्या कामाचं वेळापत्रक शोच्या तारखेवरून ठरत नाही. कच्छचं ऊन, येवल्याचा पावसाळा आणि सण बघूनच मी ते आखते.

येवल्याला गेलात तर घाई न करता एका मागाशेजारी बसा. पैठणीच्या पदरावरचा मोर विणताना विणकर रंगागणिक वेगळी कांडी घेतो. एका ओळीत कितीतरी कांड्या लोंबत असतात. एका रंगाचा धागा दुसऱ्याच्या धाग्यात अडकवून तो मागे वळवतो, फणी ठोकतो आणि पुढची ओळ घेतो. म्हणून तर खऱ्या पैठणीच्या मागच्या बाजूला सुटे धागे दिसत नाहीत. मी एकदा सकाळी नऊपासून दुपारच्या जेवणापर्यंत बसले. तेवढ्या वेळात मोराची मान जेमतेम वर आली होती. कांड्या भरत होती ती त्याची बायको, आणि तिचं नाव कुठल्याही बिलावर नव्हतं. "भाव थोडा कमी करा," असं म्हणण्याआधी ही दुपार आठवा.

दुसरी चूक जास्त जुनी आहे आणि ती भरून निघालेली नाही. त्या मावशींचा खिसा मी वापरला. कमरेखाली तिरक्या तोंडाचा खिसा असलेलं माझं जॅकेट खूप चाललं. त्याच्यावर माझी कार्यशाळा उभी राहिली, तीन शिंप्यांची घरं उभी राहिली. मावशींचं नाव मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. पुढे तीन वेळा त्या रस्त्यावर उतरले, बांधावर गेले, लोकांना विचारलं. पत्ता लागला नाही. आज माझ्या प्रत्येक कपड्याच्या आत विणणाऱ्याचं, रंगवणाऱ्याचं आणि शिवणाऱ्याचं नाव असतं, आणि ज्याच्याकडून कल्पना घेतली त्याचा वाटा करारात लिहिलेला असतो. हे मी त्या मावशींमुळे शिकले. त्यांच्या वाट्याला मात्र काही आलं नाही, आणि ही बोच माझ्या मनातून जात नाही. तुमच्या वहीत स्केचच्या आधी नाव आणि गाव लिहा.

पुढच्या आठवड्यात मी गुळेदगुड्डला निघाले आहे, खणाच्या नव्या रंगांचं बोलायला. बुधवारी पोहोचायचं ठरवलं होतं. तिथल्या विणकर बाईंचा काल फोन आला. म्हणाल्या, "ताई, बुधवारी माझा ताणा चढवायचा आहे, तुमच्याशी बोलायला मान वर करता येणार नाही. गुरुवारी या, जेवायलाच या." मी तिकीट गुरुवारचं काढलं आहे.