गिऱ्हाईक कोठे शोधावे ?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हमरापूर येथे दिलेले भाषण)



चिटणिसांनी मला नेमून दिलेल्या विषयाचे इंग्रजी नाव ऐकून माझ्या वयाच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु विषय आपणांस परका नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतून गणेशमूर्ती उचलून मुंबईस विकणारा आणि नगामागे ठरलेले कमिशन घेणारा मनुष्य येथे कोणी पाहिला नाही ? आज आपली काही मुले तेच काम मोबाइलवरून करतात. मूर्ती कारखानदाराची, गिऱ्हाईक मुलाने आणलेले. विक्री झाली तर कमिशन, न झाली तर हात रिकामे. यालाच अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने १९९६ साली ही पद्धत स्वीकारली आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

फरक आहे तो एवढाच की, पूर्वीचा दलाल गिऱ्हाइकाच्या दारी चालत जाई. आजच्या मुलास गिऱ्हाईक आणण्यासाठी गुगल किंवा फेसबुक यांना आगाऊ पैसे मोजावे लागतात, आणि विक्री होवो वा न होवो, ते पैसे जातातच. म्हणून जाहिरात कोणाच्या डोळ्यांपुढे जावी, हा प्रश्न पहिला.

हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वीच सोडविलेला आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे त्याच संस्थेने १९३० साली स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ साली तरुणांसाठी 'मनोहर' काढले. लुगड्यांच्या व्यापाऱ्याने यांपैकी कोणत्या मासिकात पान घ्यावे, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. फार कशाला, आपल्या या स्मरणिकेची शेवटची पाने पाहा. तेथे जाहिरात देणारा सद्गृहस्थ वाचक कोण आहेत हे जाणूनच पैसे देतो. (काही जण केवळ खजिनदारांच्या भिडेखातर देतात, ती गोष्ट निराळी !)

आजच्या साधनांत जाहिरातदारास गाव, गावापासूनचे अंतर, वय, स्त्री-पुरुष आणि भाषा निवडता येते. मात्र जानेवारी २०२२ पासून फेसबुकने धर्म, आरोग्य, राजकीय मत अशा नाजूक बाबींशी निगडित निवडी काढून टाकल्या. तेव्हा 'गणेशभक्त तेवढे वेचून द्या' असे तेथे सांगता येत नाही. सांगण्याची गरजही नाही. डोंबिवलीतील लहान जागेत बसविण्याजोगी नऊ इंची शाडूची मूर्ती असेल, तर डोंबिवली, मराठी भाषा आणि तीस ते पंचावन्न वय एवढे पुरे. अमेरिकेतील मराठी कुटुंबे हवी असतील तर वयापेक्षा वेळ महत्त्वाची. पेट्या बोटीने जावयाच्या असल्याने जाहिरात पावसाळ्यापूर्वी बरीच आधी झाली पाहिजे. श्रावणात केलेला खर्च पाण्यात. आणि जो मनुष्य स्वतः गुगलवर 'शाडूची मूर्ती' असे लिहून शोधतो, त्याचे वय विचारण्याचे कारणच काय ? माझ्या मते नवख्याने आरंभ तेथूनच करावा.

आता हिशेब. समजा, एका मूर्तीमागे कमिशन दीडशे रुपये आहे. जाहिरात उघडून पाहणाऱ्या प्रत्येकामागे तीन रुपये पडतात आणि पन्नासांत एक जण मूर्ती घेतो. खर्च दीडशे, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे सत्तावीस. म्हणजे प्रत्येक विक्रीस सत्तावीस रुपये तोटा. मुलगा मात्र शंभर मूर्ती खपल्याच्या आनंदात असतो. निवड नेटकी केली आणि पाहणाऱ्यामागे चार रुपये पडले, पण विसांत एकाने मूर्ती घेतली, तर करासह चौऱ्याण्णव रुपये चाळीस पैसे जातात आणि पंचावन्न रुपये साठ पैसे उरतात. महाग गिऱ्हाईक पुष्कळदा स्वस्त पडते, ते असे. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले. खरे आकडे प्रत्येकाने पाचशे-हजारांची जाहिरात करून स्वतःच काढावेत आणि गाव, वय यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या काही तरुणांची मागणी आहे की, मंडळाची कुटुंबसूची त्यांच्या हवाली करावी. तीत गाव, वय, व्यवसाय, दूरध्वनी, सर्व काही आहे. असे क्रमांक गुगल-फेसबुकच्या हाती दिले म्हणजे ती माणसे नेमकी शोधून त्यांच्यापुढे जाहिरात ठेवता येते. धंद्याच्या दृष्टीने याहून सोपी वाट नाही, हे मी मान्य करतो. मुलांचा हेतू वाईट आहे असेही मी म्हणत नाही. परंतु ही माहिती आपल्या भगिनींनी सोयरीक जुळावी, अडीअडचणीस निरोप पोहोचावा म्हणून दिलेली आहे. २०२३ साली संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचे तत्त्व आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांवर नेम धरून जाहिरात करण्यास मनाई आहे. आपल्या सूचीत तर शाळकरी मुलांचीही नावे आहेत. कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते. एका घराने विश्वासाने लिहून दिलेला क्रमांक दुसऱ्या घराच्या कमिशनासाठी वापरला गेला, तर पुढील वर्षी ते घर आपल्याला क्रमांक देणार नाही.

कार्यकारिणीपुढे हा ठराव येईल तेव्हा मी विरुद्ध मत देणार आहे. ज्यांना ज्ञातीतील गिऱ्हाईक हवे असेल त्यांनी स्मरणिकेत पान घ्यावे; ज्या कुटुंबांना मूर्तींची माहिती हवी असेल त्यांनी आपल्या सहीची चिठ्ठी द्यावी, तेवढेच क्रमांक मुलांना मिळतील. चिठ्ठ्यांची पेटी मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. भोजनोत्तर मी तेथेच बसणार आहे. ज्यांनी गेल्या हंगामात जाहिरातीवर पैसे खर्च केले असतील त्यांनी आपली हिशेबाची वही घेऊन यावे.